ओळीच्या टोकाला तुटणारे शब्द : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ जुळवला की ओळीच्या शेवटी शब्द तुटतात आणि उजव्या कडेला हायफनांची रांग उभी राहते. लाटेक म्हणजे आज्ञा लिहून मजकुराची जुळणी करणारी प्रणाली, आणि टेक हा तिचा गाभा. लाटेकच्या आज्ञा इथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, सलग आणि आधी बॅकस्लॅश देऊन लिहाव्यात.

प्रश्न : लाटेकमध्ये दोन स्तंभांचा अहवाल करत आहे. जवळजवळ दर तिसऱ्या ओळीला शब्द तुटतो. कुणीतरी सुचवले म्हणून ‘हायफनपेनल्टी’ १०००० केली. शब्द तुटायचे थांबले, पण आता काही ओळी स्तंभाबाहेर डोकावतात. काय चुकले?

उत्तर : टेकच्या लेखी १०००० म्हणजे ‘कदापि नाही’. तुम्ही शब्द तोडायला पूर्ण बंदी घातलीत, पण ओळ भरण्याची दुसरी सोय केली नाहीत. अशा वेळी टेकपुढे दोनच वाटा उरतात : शब्दांमधली जागा ठरलेल्या मर्यादेपलीकडे ताणायची किंवा ओळ बाहेर जाऊ द्यायची. मर्यादा ओलांडायची परवानगी नसल्यामुळे ते दुसरी वाट धरते.

हिशेब एकदा समजून घेतला की आकडे अंदाजाने बदलत बसावे लागत नाहीत. टेकच्या नेहमीच्या १० पॉइंट कॉम्प्युटर मॉडर्न अक्षरात दोन शब्दांमधली जागा ३.३३ पॉइंट असते. ती १.६७ पॉइंटांनी ताणता येते आणि १.११ पॉइंटांनी आवळता येते. ठरलेल्या ताणापैकी किती भाग वापरला त्याचा घन करून १००ने गुणले की ओळीचा दोषांक मिळतो. पूर्ण ताण वापरला तर दोषांक १००. आवळण्याची मर्यादा टेक कधीच मोडत नाही. ताणण्याची मर्यादा मात्र ‘टॉलरन्स’ या आकड्यावर ठरते, आणि तो मुळात २०० असतो. म्हणजे फट फार तर ५.४ पॉइंटांपर्यंत जाऊ शकते.

आता हायफनचा दंड, म्हणजेच ‘हायफनपेनल्टी’. तो मुळात ५० असतो. एका ओळीची किंमत काढताना दोषांकात १० मिळवून वर्ग करतात आणि त्यात दंडाचा वर्ग मिळवतात. अगदी निर्दोष, पण शेवटी शब्द तुटलेल्या ओळीची किंमत १०० अधिक २५००, म्हणजे २६०० होते. शब्द न तुटलेल्या, पण ४१ दोषांकाच्या ओळीची किंमत ५१चा वर्ग, म्हणजे २६०१. त्या ओळीतली फट साडेचार पॉइंटांच्या जराशी वर असते आणि डोळ्याला अजिबात खुपत नाही. तरीही टेक तिच्याऐवजी तुटलेला शब्द निवडते. अरुंद स्तंभात हायफनांचा पाऊस पडतो तो यामुळे.

तेव्हा दंड ५००च्या आसपास ठेवा. मग एका हायफनची किंमत २,५०,००० होते, तर २०० दोषांकाच्या सर्वांत वाईट ओळीची फक्त ४४,१००. पाच वाईट ओळी पत्करूनही टेक एक हायफन वाचवायला बघेल आणि खरोखर अडल्यावरच शब्द तोडेल. बंदीऐवजी ‘शेवटचा उपाय’ एवढाच अर्थ राहतो, आणि तोच तुम्हाला हवा आहे.

याच्या जोडीला तीन गोष्टी करा. ‘टॉलरन्स’ ५०० ते १००० करा. १०००ला फट ६.९ पॉइंटांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे मूळ जागेच्या दुपटीहून थोडी अधिक. त्यापुढे जाऊ नका. ‘इमर्जन्सीस्ट्रेच’ला १ ते २ एम द्या (एक एम म्हणजे साधारण अक्षराच्या आकाराएवढी रुंदी). हा राखीव ताण आहे. शब्द न तोडता आणि शब्द तोडून अशा दोन्ही फेऱ्या फसल्या तरच टेक तिसऱ्या फेरीत त्याला हात लावते, म्हणून चांगल्या जुळलेल्या परिच्छेदांना त्याचा उपद्रव होत नाही. तिसरी गोष्ट ‘प्रीटॉलरन्स’. पहिल्या फेरीत टेक शब्द तोडायचा विचारच करत नाही. सगळ्या ओळींचा दोषांक या आकड्याच्या आत बसला तर काम तिथेच संपते. मूळ आकडा १०० आहे. तो ३०० केला की पुष्कळ परिच्छेद एकाही हायफनविना पार पडतात.

‘स्लॉपी’ ही आज्ञा अनेक जण सर्रास लावतात. ती टॉलरन्स ९९९९ आणि राखीव ताण ३ एम करते. एखाद्या अडलेल्या परिच्छेदापुरती ती ठीक आहे. पूर्ण दस्तऐवजाला लावली तर मोठ्या फटी एकाखाली एक येऊन पानावर पांढरे ओघळ दिसू लागतात, आणि ते हायफनपेक्षा जास्त त्रास देतात.

मायक्रोटाइप हे पॅकेज मात्र आधी जोडा, बाकीचे आकडे नंतर बदला. पीडीएफलाटेक आणि लुआलाटेक या लाटेकच्या प्रकारांत ते अक्षरांची रुंदी दोन टक्क्यांपर्यंत कमीजास्त करते. सत्तर अक्षरांच्या ओळीत दोन टक्के म्हणजे जवळजवळ दीड अक्षर. नेमक्या तेवढ्यासाठीच अनेकदा शब्द तुटत असतो. झीलाटेकमध्ये रुंदीचा हा खेळ चालत नाही. तिथे फक्त विरामचिन्हे किंचित समासात सरकवण्याची सोय मिळते.

एक घोटाळा वारंवार होतो. एका परिच्छेदापुरता आकडा बदलायचा म्हणून लोक तो महिरपी कंसात घालतात आणि कंस परिच्छेद संपण्याआधी बंद करतात. टेक ओळी पाडते परिच्छेद संपल्यावर, आणि त्या क्षणी लागू असलेला आकडा वापरते. त्यामुळे बदल केला तरी काहीच होत नाही. कंस बंद करण्याआधी रिकामी ओळ सोडा किंवा ‘पार’ आज्ञा द्या.

प्रश्न : लागोपाठ तीन-चार ओळींना हायफन आले तर ते कसे टाळायचे? आणि पान उलटताना शब्द तुटलेला नको आहे.

उत्तर : ‘डबलहायफनडिमेरिट्स’ हा आकडा लागोपाठच्या दोन हायफनांसाठी आहे. मूळ किंमत १०००० दिसायला मोठी वाटते, पण ही किंमत वर्ग न करता थेट बेरजेत धरतात. म्हणजे तिचे वजन १०० दंडाइतकेच. ती १०,००,००० करा. ‘ब्रोकनपेनल्टी’ मुळात १०० असते. ती १०००० केली की हायफनने संपणाऱ्या ओळीनंतर पान बदलत नाही. त्यामुळे काही पाने एक ओळ आखूड पडू शकतात, हे लक्षात ठेवा. इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम हायफनेशनच्या चौकटीत होते : सलग हायफनांची मर्यादा मुळात ३ असते, ती १ किंवा २ करा. शून्य करू नका, कारण तिथे शून्याचा अर्थ ‘मर्यादाच नाही’ असा आहे. स्तंभापलीकडे शब्द तोडण्याची खूणही काढून टाका.

प्रश्न : मराठी पुस्तकाची जुळणी करताना आपोआप हायफन लावले की शब्द भलत्याच ठिकाणी तुटतात. बंद केले तर ओळी विरळ होतात. मराठीसाठी नेमके काय करावे?

उत्तर : इंग्रजीसाठी शब्द कुठे तोडायचा याचे नमुने फ्रँक लियांग यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केले. त्यांचा प्रबंध १९८३चा आहे. ते नमुने शब्दकोशातल्या सुमारे ८९ टक्के तोडजागा शोधतात आणि चुकीची जागा जवळजवळ देत नाहीत. आज टेक आणि लिब्रेऑफिससकट अनेक ठिकाणी हीच पद्धत आहे. मराठीचे टेकमधले नमुनेही याच साच्यातले आहेत, पण ते फक्त अक्षर ओळखतात. जोडाक्षर फुटत नाही, काना-मात्रा किंवा अनुस्वार मागे राहत नाही, एवढे ते सांभाळतात. त्यापलीकडे शब्दाच्या घडणीची त्यांना काही कल्पना नाही.

आणि मराठीत घडण हाच तर खरा प्रश्न आहे. ‘घरासमोर’ हा शब्द ‘घरा-समोर’ असा तुटला तर वाचणारा अडखळत नाही. ‘घरास-मोर’ असा तुटला की पुढच्या ओळीत मोर उभा! ‘शाळे-पासून’ चालते, ‘शाळेपा-सून’ चालत नाही. ‘बाजार-पेठ’ सुबक, ‘बाजा-रपेठ’ निरर्थक. नियम सोपा आहे : शब्दयोगी अव्यय जिथे जोडले आहे तिथे, समासाच्या दोन पदांमध्ये, किंवा उपसर्गानंतर तोडा. हे यंत्राला कळत नाही, माणसाला कळते.

म्हणून मराठी जुळणीत आमचा आग्रह असा : ओळ पुरेशी रुंद असेल तर आपोआप हायफन बंद ठेवा आणि अडलेल्या जागी हाताने सुचवणी द्या. इनडिझाइनमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि हायफन एकत्र दाबले की ऐच्छिक हायफन पडतो. शब्द ओळीच्या टोकाला आला तरच तो दिसतो, एरवी लपून राहतो. हाच ऐच्छिक हायफन शब्दाच्या अगदी सुरुवातीला ठेवला तर तो शब्द तुटतच नाही. साधा हायफन हाताने कधीही टाकू नका. मजकूर दोन शब्दांनी सरकला की तो ओळीच्या मध्यभागी येऊन बसतो आणि मुद्रितशोधनात निसटून छापला जातो.

स्तंभ अरुंद असल्यामुळे आपोआप हायफन ठेवावेच लागले, तर आधी परिच्छेदाची भाषा मराठी आणि जुळणीकार ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ आहे का ते बघा. हा संपूर्ण परिच्छेद एकत्र तोलतो. एकेक ओळ बघणारा जुळणीकार चौथ्या ओळीतली अडचण सोडवायला दुसरी ओळ बदलत नाही, म्हणून त्याच्या हातून शब्द जास्त तुटतात. मग जस्टिफिकेशनच्या चौकटीत या. शब्दांमधली जागा (किमान, अपेक्षित, कमाल) मुळात ८०, १००, १३३ टक्के असते. ती ७५, १००, १४०पर्यंत सैल करता येते. अक्षररुंदीला ९८, १००, १०२ द्या. अक्षरांमधली जागा मात्र तिन्ही रकान्यांत शून्यच हवी. रोमन लिपीत ती एखाद्या टक्क्याने हलवलेली कुणाला कळत नाही, पण देवनागरीत शिरोरेषा अक्षराअक्षरावर तुटते आणि शब्द खिळखिळा दिसतो. इंग्रजी मजकुरासाठी बनवलेली परिच्छेद-शैली मराठीला लावल्यावर ही चूक हमखास होते.

लाटेकमध्ये मराठी करणाऱ्यांसाठी एक बारकावा. ‘लेफ्टहायफनमिन’ आणि ‘राइटहायफनमिन’ हे आकडे हायफनच्या आधी आणि नंतर किमान किती वर्ण हवेत ते सांगतात. इंग्रजीसाठी ते २ आणि ३ असतात. पण इथे वर्ण म्हणजे युनिकोडमधला प्रत्येक घटक. ‘ष्ट्र’ दिसायला एक अक्षर आहे, पण त्यात ष, हलंत, ट, हलंत, र असे पाच घटक मोजले जातात. त्यामुळे किमान ३ ठेवूनही ‘महारा-ष्ट्र’ होतो आणि पुढच्या ओळीत एकटे जोडाक्षर लोंबकळते. उजवीकडचा आकडा ६ आणि डावीकडचा ४ ठेवा. बेबल हे भाषांसाठीचे पॅकेज भाषा बदलताना हे आकडे पुन्हा आपल्या मूळ मूल्यांवर आणते, म्हणून तुमची आज्ञा भाषा निवडल्यानंतर आली पाहिजे. फाइलच्या सुरुवातीच्या भागात (प्रीअँबलमध्ये) त्याआधीच लिहिली तर ती वाया जाते.

प्रश्न : मराठी मजकुरात मधूनमधून इंग्रजी शब्द आणि व्यक्तिनामे रोमन लिपीत आहेत. ती फार विचित्र तुटतात.

उत्तर : त्या शब्दांना इंग्रजी भाषेची खूण दिलेली नाही, म्हणून. प्रत्येक प्रणाली तोडजागा शोधताना लिपीपेक्षा भाषेच्या खुणेवर विसंबते. इनडिझाइनमध्ये एक अक्षर-शैली बनवा, तिची भाषा इंग्रजी ठेवा आणि रोमन शब्दांना ती लावा. ब्रिटिश की अमेरिकी हेही ठरवा. अमेरिकी तोड बव्हंशी उच्चारावर जाते, ब्रिटिश तोड शब्दाच्या व्युत्पत्तीकडे अधिक पाहते. एकाच पुस्तकात दोन्ही मिसळलेल्या बऱ्या दिसत नाहीत.

व्यक्तिनामे शक्यतो तोडूच नयेत. इनडिझाइनमध्ये कॅपिटल अक्षराने सुरू होणारे शब्द तोडण्याची खूण काढली की रोमन नावे सुरक्षित राहतात. देवनागरीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे तिथे कॅरेक्टर पॅनेलच्या मेनूतली ‘नो ब्रेक’ खूण वापरा, पण एका वेळी एकाच शब्दाला. पूर्ण वाक्याला ‘नो ब्रेक’ लावले आणि ते ओळीत मावले नाही तर चौकटीतला मजकूरच दिसेनासा होऊ शकतो.

लाटेकमध्ये ‘हायफनेशन’ आज्ञेत अपवादांची यादी देता येते. शब्द हायफनांसह लिहिला तर फक्त त्याच जागी तुटतो, हायफनाविना लिहिला तर मुळीच तुटत नाही. यादी त्या वेळी चालू असलेल्या भाषेलाच लागू होते, आणि शब्दाचे प्रत्येक रूप वेगळे द्यावे लागते. एकवचन दिले म्हणून अनेकवचन आपोआप येत नाही. एखादा शब्द कुठे तुटू शकतो हे आधीच बघायचे असेल तर ‘शोहायफन्स’ आज्ञेत तो घाला. उत्तर लॉग फाइलमध्ये मिळते.

प्रश्न : वर्डमध्ये हायफनेशन ‘नन’ केले, तरी शब्दांच्या मध्येच हायफन दिसतात.

उत्तर : मग ते वर्डने लावलेले नाहीत, मजकुरातच आहेत. आधी परिच्छेदचिन्ह दाखवणारे बटण दाबून लपलेली चिन्हे उघडा. हायफनांचे तीन प्रकार वेगळे करा. कंट्रोल-हायफनने पडणारा ऐच्छिक हायफन. तो शोधचौकटीत घातचिन्ह आणि हायफन (^-) टाकून सापडतो आणि सगळे एकदम पुसले तरी धोका नाही. कंट्रोल-शिफ्ट-हायफनने पडणारा न तुटणारा हायफन, शोधखूण ^~. हा सहसा मुद्दाम टाकलेला असतो, तेव्हा राहू द्या. आणि तिसरा साधा हायफन. पीडीएफमधून मजकूर उचलून चिकटवला की जुन्या ओळींच्या टोकाचे साधे हायफन सोबत येतात, बहुधा मागे एक जागा किंवा परिच्छेदचिन्ह घेऊन. हायफन आणि जागा एकत्र शोधा, पण सगळे एका फटक्यात बदलू नका. ‘आई- वडील’ असे लिहिलेले जोडशब्दही त्यात सापडतील आणि ‘आईवडील’ व्हावे की ‘आई-वडील’ हे तुम्हालाच ठरवायचे आहे.

स्वयंचलित हायफन ठेवायचे पण कमी करायचे असतील तर हायफनेशन झोन वाढवा. इंचात हा मुळात पाव इंच असतो. झोन मोठा म्हणजे ओळीच्या शेवटी जास्त मोकळी जागा चालवून घेतली जाते, म्हणून हायफन कमी. मथळे आणि कोष्टके यांच्या शैलीत परिच्छेदाच्या ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’ या पानावरची ‘डोन्ट हायफनेट’ खूण कायमची लावून टाका. मथळ्यातला शब्द तुटणे कुठेच शोभत नाही.

प्रश्न : संकेतस्थळावर आणि ई-पुस्तकात शब्द तुटणे कसे आवरायचे?

उत्तर : सीएसएस या वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतल्या ‘हायफन्स’ या गुणधर्माला तीन किमती आहेत. ‘ऑटो’ दिली की ब्राउझर स्वतः तोडतो, पण पानाला भाषेची खूण असेल आणि त्या भाषेचे नमुने त्याच्याकडे असतील तरच. ‘मॅन्युअल’ दिली तर फक्त तुम्ही ठेवलेला मऊ हायफन चालतो. ‘नन’ दिली तर तोही चालत नाही. मराठीसाठी ‘मॅन्युअल’ बरी. इंग्रजीत ‘ऑटो’ ठेवून ‘हायफनेट-लिमिट-चार्स’ला १० ४ ४ द्या : दहा अक्षरांहून लहान शब्द तुटणार नाही, आणि हायफनच्या आधी व नंतर किमान चार अक्षरे राहतील. तो गुणधर्म न ओळखणारा ब्राउझर ती ओळ सोडून देतो, नुकसान काही नाही.

मऊ हायफन म्हणजे युनिकोडमधला यू+००एडी. तो डोळ्याला दिसत नसला तरी मजकुरात असतो. कुणी शब्द उचलून दुसरीकडे चिकटवला की तोही जातो, आणि मग साध्या शोधात तो शब्द सापडत नाही. म्हणून तो मोजक्या लांब शब्दांतच ठेवा. ‘१०-१२’ अशा आकड्यांत आणि ‘क-जीवनसत्त्व’ अशा शब्दांत न तुटणारा हायफन, यू+२०११, घाला. तो तुमच्या फाँटमध्ये आहे ना ते आधी तपासा. नसेल तर ब्राउझर तेवढे एक चिन्ह दुसऱ्या फाँटमधून आणतो आणि ते लहानमोठे दिसते.

संकेतस्थळांचे पत्ते छापताना हायफन लावून मुळीच तोडू नका, कारण वाचक तो पत्त्याचाच भाग समजून टाइप करतो. लाटेकमधली ‘यूआरएल’ आज्ञा पत्ता तिरप्या रेघेनंतर किंवा टिंबानंतर, हायफनाविना तोडते. हाताने करतानाही तेच करा.

प्रश्न : उजवी बाजू मोकळी सोडली तर हा सगळा खटाटोप वाचेल का?

उत्तर : बराचसा वाचेल. ओळ सरळ भरायची सक्तीच नसली तर फटी सारख्या राहतात आणि शब्द तोडायचे कारण जवळजवळ संपते. ओळीत चाळीसपेक्षा कमी अक्षरे बसत असतील तर आम्ही हाच सल्ला देऊ. तीस अक्षरांच्या ओळीत शब्दांमधल्या फटी चार-पाचच असतात. शेवटी तीन अक्षरांची जागा उरली तर ती त्या चार-पाच फटींनाच वाटून घ्यावी लागते. पासष्ट अक्षरांच्या ओळीत तेवढीच जागा दहा-अकरा फटींत जिरून जाते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, शब्द लांब होतात आणि ओळीतल्या फटी आणखी कमी होतात. म्हणून सरळ जुळणी हवीच असेल तर अक्षर अर्ध्या पॉइंटाने लहान करणे किंवा दोन स्तंभांमधली मोकळी जागा थोडी कमी करणे हे कोणत्याही हायफनच्या आकड्यापेक्षा जास्त काम करते.

लाटेकमध्ये ‘रॅगेडराइट’ आज्ञा शब्द तोडणे जवळपास थांबवते, पण कडा फार वेडीवाकडी होते. ‘रॅगेडटूई’ पॅकेजमधली त्याच नावाची, पण दोन्ही पदांची आद्याक्षरे कॅपिटल असलेली आज्ञा ताणाला मर्यादा घालते, त्यामुळे कडा आटोपशीर राहते आणि क्वचित एखादा शब्द तुटतो.

प्रश्न : सगळे करून पाहिले, तरी दोन-चार वाईट ओळी उरतातच. त्यांचे काय?

उत्तर : त्या शब्द बदलून सोडवायच्या, आणि तो अधिकार लेखकाचा किंवा संपादकाचा. जुळणी करणाऱ्याने परस्पर बदल करू नये. ‘परंतु’च्या जागी ‘पण’, ‘त्याचप्रमाणे’च्या जागी ‘तसेच’ एवढ्यानेही ओळ सुटते. बदल त्याच ओळीत करायची गरज नाही. परिच्छेदाच्या पहिल्या दोन ओळींत केलेला बदल खालपर्यंत पोचतो, आणि तिथे तो अर्थाला कमी जाचक ठरतो. इनडिझाइनच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपोझिशनखाली ‘एच अँड जे व्हायोलेशन्स’ची (हायफन आणि जुळवणीच्या मर्यादा मोडल्याची) खूण लावली की बिघडलेल्या ओळी पिवळ्या दिसतात, आणि रंग जितका गडद तितकी ओळ वाईट. लाटेकमध्ये लॉग फाइलमधल्या ‘ओव्हरफुल’ (बाहेर गेलेली ओळ) आणि ‘अंडरफुल’ (फार विरळ ओळ) या सूचना ओळीच्या क्रमांकासह मिळतात.

हे काम चित्रे, तळटीपा आणि पानांची विभागणी पक्की झाल्यावरच हाती घ्या आणि पहिल्या पानापासून क्रमाने पुढे जा. विसाव्या पानापासून सुरुवात केली आणि नंतर बाराव्या पानावर एक ओळ वाढली, तर चित्रे जागेवरून हलतात आणि विसाव्या पानाची मेहनत पुन्हा करावी लागते.